लग्नाच्या अंकानंतर

(ट्रंक उघडल्याचा आवाज. डांबरगोळ्या, जुनी लुगडी, तळाशी कॉमिक्सचा गठ्ठा.)

ही ट्रंक माझ्या आत्याची, सेलूच्या आत्याची. आणि तळाशी हे जे पिवळे पडलेले अंक दिसायलेत ना, ते इंद्रजाल कॉमिक्स. वेताळ, मांड्रेक, सगळे. १९६४ ला टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी हे सुरू केलं, १९९० ला बंद पडलं, मराठीतही यायचं, आणि परभणीत आत्याच्या गल्लीतली लेकरं एकमेकांचे अंक मागून आणून वाचायची. आत्या सायकलवर शाळेत जायची, गल्लीत सायकल चालवणारी ती एकटीच मुलगी होती, आणि दप्तरात वेताळ असायचाच.

१९७९ ला तिचं लग्न झालं. त्या लग्नातली एकच गोष्ट बाबा नेहमी सांगतात. ताटात तांदूळ पसरले, नवरदेवानं सोन्याच्या अंगठीनं त्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलं, बायकांनी वाकून वाचलं, मग कुणीतरी ताट हलवलं आणि तांदूळ परत डब्यात गेले. त्यानंतर तिचं माहेरचं नाव फक्त आजी घ्यायची. आजी गेली तसं ते नावही गेलं. सायकल बाबांकडं आली.

(गठ्ठ्यावरची धूळ पुसणारा हात.)

मी कॉमिक्स वाचायला लागले ते याच ट्रंकेतून, मग पुढं कॉलेजला संभाजीनगरला गेले तेव्हा इंग्रजी कॉमिक्स हाती लागली, मार्व्हल, डीसी या अमेरिकन कंपन्यांची, जुनी नवी मिळेल ती, आणि वाचता वाचता एक गोष्ट टोचायला लागली ती आजपर्यंत टोचतेय. सुपरहिरो बाईचं लग्न ठरलं की जाडजूड स्पेशल अंक निघतो, कव्हरवर अख्खं वऱ्हाड, आणि त्या लग्नाच्या अंकानंतर काय होतं? तिची पानं कमी होतात. लग्न वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, मला लग्नाचे अंक आवडतात, रडू येतं मला. माझा प्रश्न पुढच्या अंकाचा आहे.

सगळ्यात आधी सू स्टॉर्म. फँटास्टिक फोर १९६१ ला आलं, त्यात चौघं, आणि चौघांत बाई एकच, तिची पॉवर काय तर अदृश्य होणं. तिचं नाव इनव्हिजिबल गर्ल. ज्याच्याशी तिचं पुढं लग्न झालं तो रीड रिचर्ड्स, त्याचं नाव पहिल्या दिवसापासून मिस्टर फँटास्टिक. १९६५ च्या वार्षिक अंकात लग्न लागलं, डॉक्टर डूमनं मशीन लावून जगभरातले व्हिलन मांडवात सोडले, हाणामारीतच बहुतेक अंक गेला, आणि शेवटी स्टॅन ली आणि जॅक कर्बी, म्हणजे ज्यांनी ही माणसं घडवली तेच दोघं, आमंत्रण नाही म्हणून दारातून परत पाठवले जातात. गोड अंक आहे, खरंच. तीन वर्षांनी, १९६८ ला, तिला बाळ होणार असतं आणि तिच्या जिवाला धोका असतो, तर नवरा, भाऊ आणि टीममधला चौथा, बेन, असे तिघं दुसऱ्या मितीत जाऊन तिच्यासाठी लढतात आणि ती दवाखान्यात. टीममधली तिची जागा मग क्रिस्टल नावाची दुसरी बाई घेते. १९७३-७४ मध्ये नवऱ्याशी फाटतं, घर सोडून जाते, तेव्हा तिच्या जागी मेडुसा. म्हणजे सून बाळंतपणाला माहेरी गेली की स्वयंपाकघरात दुसरं कुणीतरी उभं राहतं, तसं.

आता नावाकडं बघा. लग्न झालं, पोरगं झालं, संसार मोडता मोडता राहिला, आणि बाई अजून 'गर्ल' च. १९८५ ला जॉन बर्न लिहीत आणि काढत होता तेव्हा कुठं ती स्वतः म्हणते की आता मी इनव्हिजिबल वुमन. तिची ती न दिसणारी फोर्स फील्डची ताकद लग्नाच्या आधीपासूनच तिच्याकडं होती बरं का, पण ती टीममधली सगळ्यात ताकदवान आहे हे कुणीतरी नीट वापरून दाखवायला लग्नानंतर वीस वर्षं लागली. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आत्याचं तांदळाचं ताटच आठवलं. फक्त इथं नाव तिनं स्वतः लिहिलं.

असं का व्हायचं, तर एक कारण जुनं आहे. १९५४ ला अमेरिकेत कॉमिक्सवर बोंब झाली, पोरं बिघडतात म्हणून, आणि प्रकाशकांनी स्वतःवरच कॉमिक्स कोड लावून घेतला. त्यात लिहिलेलंच होतं की प्रेमाच्या गोष्टींतून घराचं महत्त्व आणि लग्नाचं पावित्र्य ठसलं पाहिजे. वंडर वुमनचं तर त्याच्याही आधीपासून सुरू झालं. १९४१ ला विल्यम मार्स्टननं तिला घडवलं तेव्हा ती प्रियकराला, स्टीव्ह ट्रेव्हरला, उचलून न्यायची. मार्स्टन १९४७ ला वारला, आणि १९४९ च्या एका कव्हरवर स्टीव्ह तिला उचलून ओढा पार करतोय, आणि ती हसतेय. पुढं १९८६ ला दोघांचं लग्न लागलं, ते मालिकेच्या शेवटच्या अंकात. पुढच्या वर्षी सगळी गोष्ट कोऱ्या पाटीपासून परत सुरू झाली, लग्नाचा मागमूस नाही. म्हणजे पंचेचाळीस वर्षं वाट बघून बाई बोहल्यावर चढली आणि पुढचं पानच नाही.

(ऊसतोडीचा फड. गाडीवान. धूर.)

इथं जरा थांबते, कारण हे मला सांगायचंच आहे. आमच्या शेजारी बीड जिल्हा, तिकडं ऊसतोडीला मजूर धरतात ते एकेकटे नाही धरत, 'कोयता' धरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, पण मुकादमाच्या वहीत तिचा वेगळा हिशेब नाही, उचल जोडीची आणि ती बहुतेक नवऱ्याच्या हातात पडते. आता स्कार्लेट विच बघा. वांडा. तिचं लग्न व्हिजन नावाच्या यंत्रमानवाशी १९७५ ला झालं, नंतर दोघांच्या नावानं मालिका निघाली, नाव काय, 'द व्हिजन अँड द स्कार्लेट विच'. तिथून पुढं वांडाची जवळजवळ प्रत्येक मोठी गोष्ट या जोडीच्या हिशेबातली आहे. १९८६ ला जुळी मुलं झाली, १९८९ ला व्हिजनचे तुकडे केले, मग मुलं खरी नव्हतीच असं निघालं, आणि २००४-०५ मध्ये त्या दुःखानं ती इतकी मोडली की तिनं अ‍ॅव्हेंजर्स ही आपलीच टीम फोडली आणि एका वाक्यानं जगातल्या बहुतेक म्युटंटांची, म्हणजे जन्मतःच पॉवर असलेल्या माणसांची, ताकद घालवली. ती मुळात काय होती, एकटी असताना तिला काय हवं होतं, हे विचारायला कुणाला सवडच नव्हती.

अ‍ॅव्हेंजर्समधली वास्प, म्हणजे जॅनेट, तिचं थोडक्यात सांगते. जॅनेट व्हॅन डाइननं त्याच टीममधल्या हँक पिमशी लग्न केलं ते तो मनानं ठिकाणावर नसताना, आणि १९८१ च्या अंकात त्यानं तिच्यावर हात उचलला. लेखक जिम शूटरनं नंतर सांगितलं की आपल्याला तो धक्का चुकून लागलेला दाखवायचा होता, चित्रात ती सरळ थप्पड झाली. पण जॅननं घटस्फोट घेतला, आणि १९८२ ला ती अ‍ॅव्हेंजर्सची प्रमुख झाली, आणि चांगली प्रमुख झाली, डोकं चालवणारी. तोवर तिला बडबडी, कपड्यांची हौस असलेली पोरगी असंच रंगवायचे. मला आनंद होतो ते वाचताना आणि रागही येतो, की तिला मोठं व्हायला आधी तोंडावर मार खावा लागला.

आणि आता मॅडलीन प्रायर. हिच्यासाठीच मी हा व्हिडिओ करायलेय.

(जुन्या कॉमिकचं पान, हळूहळू जवळ.)

मॅडलीन अलास्कातली पायलट, १९८३ ला एक्स-मेनमध्ये, म्हणजे म्युटंट हिरोंच्या टीमच्या कॉमिकमध्ये, आली. टीमचा नेता सायक्लॉप्स, म्हणजे स्कॉट, त्याची मेलेली प्रेयसी जीन ग्रे हिच्यासारखी हुबेहूब दिसायची. त्याच वर्षी दोघांचं लग्न. लेखक ख्रिस क्लेरमाँटच्या मनात होतं की स्कॉटनं आता संसार करावा, लढाया बास. मग १९८६ चा एक अंक येतो, आणि हा अंक मी दहा वेळा तरी वाचलाय. त्यात स्टॉर्म (ही एक्स-मेनमधली, सू स्टॉर्म नव्हे) आणि स्कॉट टीमचं नेतृत्व कुणाकडं यावर समोरासमोर लढतात, स्टॉर्मकडं तेव्हा पॉवर नाही, काहीच नाही, तरी ती जिंकते. आणि त्याच अंकात मॅडलीनच्या मांडीवर तान्हं बाळ आहे, आणि ती नवऱ्याला म्हणतेय की घरी चल. एका अंकात दोन बायका, एकीला टीम मिळते, दुसरीला मिळतो दाराकडं बघत बसलेला नवरा. लगेच पुढं कंपनीला जुने पाच एक्स-मेन परत एकत्र हवे होते म्हणून जीनला जिवंत केलं, आणि फोन आला तसा स्कॉट बायको आणि लेकरू टाकून गेला.

आमच्याकडं अशा बाईला शब्द आहे. टाकलेली. नवऱ्यानं टाकलेली. तो गेला तरी नाव तिलाच. मॅडलीनचंही तेच झालं, कारण स्कॉट हिरो आहे, त्याला वाईट ठरवून चालणार नव्हतं, मग वाईट कुणाला ठरवायचं? १९८९ पर्यंत कळतं की ती खरी बाईच नव्हे, जीनची क्लोन होती, तिला बनवलेलंच होतं, आणि मग ती गॉब्लिन क्वीन होते, फाटक्या कपड्यातली राक्षसीण, स्वतःच्या लेकराचा बळी द्यायला निघालेली, आणि मरते. टाकलेल्या बाईला हडळ केलं की टाकणारा सुटतो. ही युक्ती आपल्या गावातही सगळ्यांना येते.

स्टॉर्मला तरी सुख लागलं का? २००६ ला वाकांडा देशाचा राजा ब्लॅक पँथर याच्याशी लग्न, ती वाकांडाची राणी, केवढा गाजावाजा झाला. २०१२ ला मोठ्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे अनेक टीमच्या एकत्र गोष्टीत, वाकांडा बुडालं, आणि राजानं तिला सांगितलं की लग्न रद्द केलंय, धर्मगुरूही तोच होता ना. तिला विचारलंसुद्धा नाही. कॅटवूमन २०१८ ला बॅटमॅनच्या पन्नासाव्या अंकात लग्नाच्या रात्री निघून गेली, कारण बॅटमॅन सुखी झाला तर बॅटमॅन राहणार नाही असं तिला वाटतं, म्हणजे नकारही त्याच्याच गोष्टीसाठी. आणि बॅटवूमनला २०१३ ला कंपनीनं तिच्या मैत्रिणीशी लग्नच करू दिलं नाही, लेखक-चित्रकार काम सोडून गेले.

पण चांगलंही आहे. जॅक कर्बीची बिग बार्डा, तिचं १९७४ ला मिस्टर मिरॅकलशी लग्न झालं, ती नवऱ्यापेक्षा उंच, नवऱ्यापेक्षा ताकदवान, आणि लग्नानंतरही तिला कुणी लहान काढली नाही. आणि २०१८ ला एक्स-मेनमधले रोग (हे तिचं नाव, Rogue) आणि गँबिट. लग्न दुसऱ्याच जोडीचं ठरलेलं, ते मोडलं, यांनी उभ्या उभ्या लावून घेतलं. पुढं केली थॉम्प्सननं या दोघांचे बारा अंक लिहिले, त्यात रोगचा प्रश्न लग्नाआधी होता तोच राहतो, माझ्या स्पर्शानं माणूस मरू शकतो तर मी जगायचं कसं, आणि उत्तर ती स्वतः शोधते, नवरा बरोबर असतो पण वाटेत येत नाही. मला एवढंच हवंय. तिचा प्रश्न तिच्याकडं राहू द्या.

(सेलू. संध्याकाळ. ओसरी.)

मागच्या दिवाळीत मी मॅडलीनचे अंक घेऊन आत्याकडं गेले. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी पान उलटत मराठीत सांगत गेले, आणि ती चष्मा लावून चित्रं बघत होती, शेंगा फोडत. लग्नाचं पान आलं, बाळाचं आलं, तो निघून गेला ते आलं. मला वाटलं आता नवऱ्याला शिव्या घालेल. काही नाही बोलली. पुढं मॅडलीन एक्स-मेनबरोबर ऑस्ट्रेलियात राहते, तिथं ती कॉम्प्युटरसमोर बसून बाकीच्यांची कामं बघते, ते पान आलं तेव्हा आत्यानं माझा हात धरला आणि पानं मागं उलटायला लावली, अगदी पहिल्यापर्यंत, जिथं ती अलास्कात आहे.

"ही इमान चालवायची ना गं?"

"हो आत्या."

"मग इमान कुणी घेतलं?"