ईयोबाचे मित्र सात दिवस बरोबर होते

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

पाळकसाहेबांनी विषय दिलाय, ‘चांगल्या माणसांच्या वाट्याला दुःख का येतं?’ मिशनच्या दवाखान्यात ३४ वर्षं मी नर्स होते. हा प्रश्न मला वॉर्डात सारखा ऐकू यायचा, आणि बहुतेक वेळा रात्री दोन-तीनच्या सुमाराला, नातेवाईक झोपले की. तेव्हा मी जे सांगायचे आणि जे सांगायचं टाळायचे, तेच आज सांगणार आहे.

संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या ईयोबाची, त्या निर्दोष माणसाची गोष्ट माझ्याकडे असायची. ‘ऊस देशात ईयोब नावाचा एक मनुष्य होता,’ एवढं म्हटलं की पहिल्या बाकावरून प्रश्न, ‘टीचर, त्याचा ऊस कोणत्या कारखान्याला जायचा?’ (हशा) नगर जिल्ह्यातल्या लेकराने दुसरं काय विचारावं! मी म्हणायचे, बाळा, त्याच्याकडे जनावरं होती. सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, पाचशे गाढवी. तर ते म्हणायचं, ‘मग वाढे लागतच असतील की चाऱ्याला.’

असो. पुढचं तुम्हाला पाठ आहे. जनावरं गेली, गडीमाणसं गेली, घर कोसळून दहाही लेकरं गेली, अंगभर फोड उठले. राखेत बसून तो खापरीने अंग खाजवतोय. आणि अलीफज, बिल्दद, सोफर हे तीन मित्र येतात. प्रवचनांत या तिघांना सगळे झोडपतात. माझं म्हणणं आहे, दुसऱ्या अध्यायाचा शेवट नीट वाचा. त्यांनी लांबून पाहिलं तर मित्र ओळखूच येईना. ते मोठ्याने रडले, डोक्यावर धूळ टाकली आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार भारी आहे हे त्यांना दिसत होतं. याला मी अव्वल दर्जाची शुश्रूषा म्हणते. सात रात्रपाळ्या ओळीने, त्याही जमिनीवर बसून! बिघडलं ते आठव्या दिवशी, तोंड उघडल्यावर. अलीफज विचारतो, निर्दोष माणूस कधी नाश पावलाय का? बिल्ददने तर कमाल केली. म्हणे, तुझ्या लेकरांनीच पाप केलं असेल. दहा मुलं नुकती गेलेल्या बापाला हे!

हे मी इतक्या तिडकीने का बोलते, ते सांगते. माझा धाकटा भाऊ नेवासे तालुक्यात प्राथमिक शिक्षक होता. सरळ माणूस. शाळेचा खडूसुद्धा घरी आणायचा नाही. पन्नाशीत त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीने नगरला यायचं, डायलिसिस करून परत जायचं. पाण्याचा हिशेब तर असा की चहा आणि आमटी धरून दिवसाला पाच फुलपात्रं. वैशाखातसुद्धा पाचच.

त्या दिवसांत बाहेरगावचे एक प्रार्थना घेणारे बंधू घरी आले. तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली. इथवर मी त्यांची आभारी आहे. महिन्याने पुन्हा आले आणि गुण नाही असं बघून म्हणाले, ‘गुरुजी, विश्वास कमी पडतोय. नाहीतर काहीतरी लपलेलं आहे. कबूल करा, मोकळे व्हाल.’ एवढं बोलून, चहा घेऊन गेले.

त्या रात्री मी त्याच्याकडेच होते. झोपला नाही. पहाटे मला म्हणाला, ‘अक्का, मी बोटांवर मोजत होतो. एक सापडलं गं.’ फार वर्षांपूर्वी चौथीतल्या एका पोराला त्याने छडीने मारलं होतं, आणि चूक दुसऱ्याच पोराची निघाली होती. पुढे दोन महिने माझ्या भावाने त्या पोराचा शोध काढला. पोरगा कुठला, आता चांगला बाप्या झालेला, ट्रॅक्टर चालवणारा. तो आला, चपला बाहेर काढून खाटेजवळ उभा राहिला. भावाने हात जोडले. त्या माणसाला काही कळेचना. ‘गुरुजी, मला तर आठवतबी नाही हो. तुम्ही मला पाढे शिकवले, तेवढं आठवतं.’ आणि तो रडायला लागला. क्षमा मागितली हे चांगलंच झालं. पण आजारी माणसाचे दोन महिने त्या शोधात गेले आणि रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा, ज्यावरून किडनी किती चालते ते कळतं, तो होता तिथेच राहिला. बिल्दद अजून गावोगाव हिंडतोय, मंडळी, आणि आपण त्याला खुर्ची देतो.

त्याच आळीत एक मावशी राहायच्या. ख्रिस्ती नव्हत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, ‘यांना भाजी कशी चालते?’ पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी बारीक चिरून, भिजवून, उकळून, पाणी टाकून द्यायची असते, हे मी सांगितलं. त्यानंतर चार वर्षं रोज संध्याकाळी त्या घरची भाजी यायची, दोनदा पाणी काढलेली, जवळजवळ अळणी. ‘का’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

इथे पंडिता रमाबाईंविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांचं मुक्ती मिशन जिथे आहे ते केडगाव म्हणजे आपल्या नगरजवळचं नव्हे बरं का, दौंड तालुक्यातलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण, भाऊ आणि रमाबाई स्वतः. उंची कमी, म्हणून आपल्या वाटणीचं ओझं त्यांनी डोक्यावर घेतलं आणि तशाच चालल्या. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा, पदरी तान्ही मनोरमा. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३चा. पुढे १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. उपास काय असतो ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, त्यात ईयोबाचं पुस्तकही आलंच. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ या ओळीपाशी त्या बाईचा हात किती वेळ थांबला असेल, असं मला नेहमी वाटतं. १९२१ साली मनोरमाही गेली, आणि १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई.

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं राहिलीत म्हणे. मूळ प्रश्न तर अजून बाकी आहे, तेव्हा भराभर सांगते.

काही दुःखांचं कारण शोधायला आभाळाकडे बघायला नको. दारूने फुटलेलं लिव्हर, पिऊन चालवलेला ट्रक, भेसळीचं दूध ही माणसाची करणी आहे. देवाने माणसाला मोकळा हात दिला, आणि त्या हाताचा मार बहुतेक वेळा दुसऱ्यालाच बसतो.

काही दुःख शिस्त लावतं, असं इब्रीकरांस पत्रात आहे. मी ते मानते. पण हे दुखणाइताने स्वतःविषयी म्हणावं. भेटायला आलेल्याने म्हणू नये.

पापाचं फळ म्हणाल, तर प्रभूने त्याचा निकाल दोनदा दिलाय. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का? नाही, असं तो स्वतः म्हणतो, लूक १३. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? याचंही नाही, आईबापांचंही नाही, योहान ९. आपल्याकडे ‘भोग’ हा शब्द फार चटकन तोंडात येतो. ख्रिस्ती माणसाने तो आजाऱ्याच्या खाटेजवळ तरी उच्चारू नये.

आणि उरलेलं जे दुःख आहे, त्याचं कारण ईयोबालाही मिळालं नाही. स्वर्गात देवाचं आणि सैतानाचं त्याच्याविषयी काय बोलणं झालं ते आपण पहिल्या दोन अध्यायांत वाचतो, त्याला ते शेवटपर्यंत कळत नाही. ३८ ते ४१ असे चार अध्याय देव वावटळीतून बोलतो. समुद्राच्या दारांविषयी, रानबकऱ्यांच्या विण्याविषयी, ससाण्याविषयी. फोडांविषयी अक्षर नाही. पण मग अलीफजला म्हणतो, मी तुमच्यावर रागावलोय, कारण माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही नीट बोलला नाहीत. आता बघा, ईयोब काय बोलला होता? भांडला होता! जन्माला आलो तो दिवस जळो म्हणाला होता. देवाने ते नीट बोलणं धरलं. तेव्हा चर्चमध्ये कुणी रडत ‘देवा, का?’ म्हणालं तर त्याला गप्प करू नका. आणखी एक बघा. शेवटी जनावरं दुप्पट मिळाली, लेकरं मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली, दुप्पट नाहीत. मला वाटतं, पहिली दहा अजून मोजणीत होती.

वधस्तंभाचं राहिलं. दोन मिनिटं द्या.

भावाच्या गावच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. भावाकडे वर्षानुवर्षं पहिला उद्गार असायचा, क्षमेचा. शेवटच्या वर्षी त्याने पाचवा मागून घेतला. ‘मला तहान लागली आहे.’ दुपारची उपासना, वर पत्रे तापलेले. पुलपिटला धरून तो उभा राहिला. म्हणाला, ‘हा उद्गार इतका छोटा, यावर काय बोलणार, असं मला आजवर वाटायचं. आता रोज रात्री हाच आठवतो. मी त्याला म्हणतो, प्रभू, तुला माहीत आहे.’ एवढं बोलून तो खाली बसला.

त्या मावशी त्या दिवशी पहिल्यांदाच चर्चमध्ये आल्या होत्या. शेवटच्या बाकावर, पदराखाली काहीतरी धरून तीन तास बसल्या होत्या. उपासना संपल्यावर त्यांनी ते फुलपात्र त्याच्या हातात दिलं. अर्धंच भरलेलं, मोजून.