परसातली खोली आणि वीस पावलांची तार

नमस्कार श्रोतेहो.

परसात कामासाठी एक छोटी खोली बांधली की वाटतं, सुटलो एकदाचे घरातल्या गडबडीतून. टेबल येतं, खुर्ची येते, दिवे लागतात. मग पहिली मीटिंग सुरू होते आणि पलीकडून कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, तुमचा आवाज तुटतोय.’ माझे पहिले दोन आठवडे खिडकीच्या कट्ट्याला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन गेले. घरातल्या वायफायची रेंज तिथेच काय ती यायची. दार ओढून घेतलं की तीही गायब. आणि घर कितीसं लांब? मोजून वीस पावलं.

मी आपली अंतराला दोष देत होते. एक दिवस प्लगचा बोर्ड बसवायला सुताराने आतली एक फळी काढली आणि मागे चकचकीत चंदेरी काहीतरी दिसलं. खोली तापू नये, गारठू नये म्हणून भिंतीत फोमचे जाड बोर्ड भरतात. त्यांच्या दोन्ही अंगांना बहुधा ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवलेला असतो. धातू वायफायच्या लहरी परतवून लावतो. उष्णता अडवणाऱ्या काचा बसवल्या असतील तर त्यांच्यावरही धातूचा, डोळ्यांना न दिसणारा थर असतो. म्हणजे गंमत बघा, साध्या फळ्यांच्या खोपटात सिग्नल बरा येतो आणि पैसे खर्चून नीट बांधलेली खोली म्हणजे पत्र्याचा डबा.

तुम्ही म्हणाल, रेडिओ तर त्याच खोलीत व्यवस्थित लागतो! लागतो ना. पण मोठ्या रेडिओ केंद्राचा प्रक्षेपक हजारो वॅटचा असतो, आणि घरातल्या राउटरचं बळ एका वॅटहूनही कमी. शिवाय तुमच्या रेडिओला नुसतं ऐकायचं असतं. लॅपटॉपला उत्तरही द्यावं लागतं. राउटरचं बोलणं त्याला ऐकू येतं, पण त्याचा स्वतःचा बारीक आवाज दोन भिंती ओलांडून परत पोचत नाही. म्हणून कधी कधी स्क्रीनच्या कोपऱ्यात सिग्नलच्या दोन-तीन रेघा दिसत असतात आणि पान काही उघडत नाही. त्यातून २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ गिगाहर्ट्‌झची सहा. सहावालीवर इंटरनेटचा वेग जास्त मिळतो, पण भिंत आली की ती लवकर दमते.

काहीही विकत आणण्याआधी मात्र एक काम करा. लॅपटॉप घेऊन राउटरपाशी जा, तो केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग बघा. तिथेही रडारड असेल तर दुखणं बाहेरून येणाऱ्या लाइनचं आहे. परसात काहीही केलं तरी ते जाणार नाही. तिथे सगळं ठीक असेल तर खोलीत बसून राउटरच्याच पत्त्यावर पिंग चालू ठेवा. पिंग म्हणजे हाक मारायची आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. घरच्या राउटरचं ‘ओ’ दोन-चार मिलिसेकंदांत यायला हवं. ते मध्येच दोनशेवर उडत असेल, किंवा येतच नसेल, तर खोट त्या वीस पावलांत आहे. ही दहा मिनिटांची तपासणी न करता लोक महागडे राउटर बदलत बसतात. मीही एक बदलला, खोटं कशाला बोलू.

मग येतो रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा. छोटासा डबा, प्लगात खोचला की झालं, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. बरेचसे स्वस्त रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतात त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतात, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. आणि आपण तो लावतो कुठे? जिथे रेंज नाही तिथे, खोलीत! ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? लावायचाच तर घराच्या परसाकडच्या खिडकीत लावा. मेशचे डबे, म्हणजे घरभर ठेवून एकच वायफाय पसरवणारे, यापेक्षा हुशार असतात, पण वर्खाची भिंत त्यांनाही तितकीच आडवी येते. विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारे अडॅप्टरही मिळतात. घर आणि खोली एकाच बोर्डावर असेल तर ते कधी कधी छान चालतात. खोलीला स्वतंत्र बोर्ड, स्वतंत्र ब्रेकर असले तर बिघडतात. दुकानदार परत घेत असेल तरच आणून बघा.

माझं मत विचाराल तर चर खणा आणि केबल टाका. एक गोष्ट मला फार आवडते. १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेटची, म्हणजे संगणक तारेने एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीची, कल्पना मांडली. त्यांना ती सुचली हवाई बेटांना रेडिओने जोडणाऱ्या एका जाळ्यावरून. हवेतलं तंत्र त्यांनी तारेत उतरवलं आणि नाव दिलं इथर, म्हणजे प्रकाश ज्यातून येतो असं पूर्वी मानत ते अवकाशातलं द्रव्य. आपण आता उलट्या दिशेला धावतोय, तार सोडून हवेकडे. पण खुर्ची जागची हलत नाही, टेबल हलत नाही, तिथे हवा कशाला हवी?

इथरनेटच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. परसाला ती भरपूर झाली. कॅट सिक्स या प्रकारची केबल घ्या, बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची. घरातली पांढरी केबल उन्हाने तडकते आणि पाणी आत शिरतं. दुकानात टोक सोलून तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरट चमकली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, ठेवा खाली. केबल पाइपातून न्या, विजेच्या केबलच्या पाइपातून नको, वेगळ्या पाइपातून आणि अंतर ठेवून. कुदळ, फावडं पोचणार नाही इतकी खोल. आणि केबल ओढताना सोबत एक नायलॉनची दोरी आत ठेवून द्या. पुढेमागे दुसरी केबल न्यायची झाली तर पुन्हा अंगण उकरायला नको.

टोकाला कनेक्टर बसवणं मी स्वतः केलं, आणि तिथे फसले. केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, असा क्रम बोटांत धरायचा, टोकं एकसारखी कापायची आणि कनेक्टरमध्ये सारून पक्कड दाबायची. सगळं झालं, दिवा लागला, मी खूश. वेग मोजला तर ९४ मेगाबिट. पुन्हा मोजला, ९४. घरात तर तिप्पट येत होता. ९४ हा आकडा लक्षात ठेवा, तो चहाडी करतो. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटच्या जोडणीला, चारही जोड्या लागतात. एखादी तार नीट टेकली नाही की जोडणी १००वर उतरते, आणि मोजताना त्यातले ९४च्या आसपास हाती लागतात. माझी तपकिरी तार केसभर आखूड कापली गेली होती. कनेक्टर छाटून टाकला, नवा बसवला, झालं.

केबल खोलीत आली की मोबाइलसाठी तिथे एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, लावा. जुना राउटर पडून असेल तर तोही चालतो, मात्र पत्ते वाटण्याचं त्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करा आणि केबल त्याच्या ‘लॅन’ लिहिलेल्या पोर्टात खोचा. नाहीतर घरात दोन कारभारी होतात आणि खोलीतल्या लॅपटॉपला घरातला प्रिंटर सापडत नाही. आता तो वर्ख उपयोगीच पडतो. शेजाऱ्यांच्या वायफायचा गोंगाट बाहेर राहतो.

खोलीचं अर्थिंग घरापेक्षा वेगळं असेल, किंवा तुमच्याकडे विजा फार पडत असतील, तर तांब्याऐवजी फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाका. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली तयार केबल मिळते, आणि दोन टोकांना फायबर आणि साधी केबल जोडणारे दोन छोटे कन्व्हर्टर लागतात. ती पाइपात फार वाकवायची नाही, एवढंच पथ्य.

चर खणणं शक्यच नसेल, मध्ये फरशी असेल किंवा घरमालक नाही म्हणत असेल, तर एकमेकांकडे तोंड केलेल्या दोन रेडिओ डब्यांचा पूल बांधता येतो. एक घराच्या भिंतीवर, दुसरा खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, आणि तिथून आखूड केबल आत. दोघांना एकमेक सरळ दिसले पाहिजेत. मधलं झाड निष्पर्ण असताना बसवलात, तर पालवी फुटल्यावर, तीही पावसात भिजल्यावर काय होतं ते आधी विचारात घ्या.

राहता राहिली वीज. ती गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण घरातला राउटर पडतो आणि मीटिंग तिथेच संपते. ॲक्सेस पॉइंट पीओईचा घेतला, म्हणजे त्याच केबलमधून वीज घेणारा, तर तो घरातल्या पीओई स्विचवर, म्हणजे केबली एकत्र जोडून त्यांतून वीजही देणाऱ्या डब्यावर, चालतो. मग छोटा यूपीएस एकच लागतो. तो घरात ठेवा, आणि राउटर, स्विच, शिवाय इंटरनेट कंपनीने दिलेला फायबरचा डबा, हे तिन्ही त्याच्यावर आहेत ना, ते बघा. माझा तो डबा पहिल्यांदा राहून गेला होता.

नमस्कार.