मोटार उलटी का फिरते

यवतमाळ जिल्ह्यातील हे वावर, रात्रीचे दोन. ओलिताची वीज येथे चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते आणि या आठवड्यात पाळी रात्रीची आहे. मोटार सुरू आहे, आवाजही भरदार आहे; मात्र पाइपाच्या तोंडाशी धरलेल्या हातावर जेमतेम करंगळीएवढी धार पडते आहे. धुऱ्यावर बसलेले काका बॅटरीचा उजेड स्टार्टरकडे वळवतात आणि गावातला नियम ऐकवतात : लाइन असली की मोटार बिघडते आणि मोटार सुधारली की लाइन जाते.

अशा नियमांची मराठीला वाण नाही. त्यांतला सर्वांत बदनाम म्हणजे ‘दुष्काळात तेरावा महिना’. वास्तविक हा महिना कोणाच्या नशिबावर टपून बसलेला नसतो. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, सौर वर्ष 365 दिवसांचे. दरसाल मागे पडणारे हे 11 दिवस साचत जातात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी पंचांगात एक महिना अधिक धरावा लागतो. 2015 साली अधिक आषाढ आला आणि राज्याच्या मोठ्या भागात दुष्काळही पडला, तेव्हा म्हण सर्वांच्या तोंडी होती. चांगल्या पावसाच्या वर्षी याच धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे वाढले जातात आणि ती म्हण कोणाला आठवत नाही.

इंग्रजीतील अशाच एका नियमाची जन्मकथा या पंपाला अधिक जवळची आहे. 1949 साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील हवाई दलाच्या तळावर, वेगात धावून एकाएकी थांबणारे शरीर किती धक्का सोसते, हे रॉकेटने ढकललेल्या गाडीवर मोजले जात होते. प्रयोगाचे प्रमुख जॉन स्टॅप कित्येकदा स्वतःच त्या गाडीत बसत. कॅप्टन एडवर्ड मर्फी यांनी आणलेल्या मापकांनी एका चाचणीत शून्य दाखवले, कारण त्यांची जोडणी उलटी झाली होती. वैतागलेल्या मर्फींचे उद्गार पुढे ‘जे बिघडू शकते ते बिघडतेच’ या रूपात जगभर गेले. स्टॅप यांनी मात्र ते विनोदावारी नेले नाहीत. हा नियम गृहीत धरून आधीच बंदोबस्त करतो म्हणून अपघात टळतात, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले.

काकांच्या मोटारीचेही नेमके तेच झाले आहे. तीन फेजच्या मोटारीच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलट फिरते आणि पंप जेमतेम पाणी फेकतो. संध्याकाळी डीपीवर, म्हणजे वावरांना वीज देणाऱ्या रोहित्रावर, दुरुस्ती झाली, तारा पुन्हा जोडताना दोन फेज बदलल्या आणि त्या डीपीवरच्या साऱ्या वावरांतल्या मोटारी एकदमच उलट्या झाल्या. तारांना लाल, पिवळा, निळा असे रंग असतात ते याचसाठी. येथे तिन्ही तारांवर एकाच काळ्या चिकटपट्टीचे वेटोळे आहेत. याला नशीब म्हणणे आम्हाला तरी जमत नाही.

काका मेन स्विच पाडतात, टेस्टर लावून खात्री करतात, दोन तारा सोडवून त्यांच्या जागा बदलतात. पाइप गुरगुरतो, आधी गढूळ आणि मग हातभर लांब पडणारी धार येते. गव्हाचे चार वाफे भिजतात, तोच लाइन जाते. उरलेल्या वावराचे ओलित पुढच्या पाळीवर.