सनद गेली की शाळा कुणाची?

(दृश्य: अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर. पहाट. कोपऱ्यावर येऊन थांबणारी पिवळी बस.)

अजून उजाडलेलं नाही. दप्तरं पाठीला लावून मुलं बसची वाट बघतायत. शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. इथं वस्ती बघून शाळा मिळत नाही. पालक पसंतीक्रम भरतात आणि प्रवेश लॉटरीनं ठरतो.

(दृश्य: पुराची जुनी छायाचित्रं.)

२९ ऑगस्ट २००५. कॅटरिना वादळात बंधारे फुटले, शहर बुडालं. पाणी ओसरतं न ओसरतं तोच, नोव्हेंबरात, लुईझियाना राज्याच्या विधिमंडळानं नापास शाळेचा निकषच बदलला. राज्याच्या सरासरीखालची शाळा ती नापास! शंभरावर शाळा राज्याच्या ताब्यात गेल्या आणि तिथून हळूहळू चार्टर संस्थांकडे. सात हजारांहून अधिक शिक्षक-कर्मचारी घरी बसले. त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय.

चार्टर म्हणजे सनद, शाळा चालवायचा परवाना. अशा शाळेत फी नाही, पैसा सरकारी, कारभार खासगी संस्थेचा. आपल्याला अनुदानित शाळा आठवेल. पण इथली सनद ठरावीक मुदतीची. निकाल दिसला नाही तर सनद जाते, शाळा बंद होते.

निकाल दिसलेही. गुण वाढले, कॉलेजात जाणारी मुलं वाढली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक शाळा आपल्यापुरतं बघू लागली, तेव्हा अडचणीचं मूल कुणाचं? २०१० मध्ये अपंग मुलांचे पालक कोर्टात गेले. प्रवेश नाकारतात, मदत देत नाहीत, ही त्यांची तक्रार. मुलाला शाळेतून काढायचे नियमही ज्या त्या शाळेचे वेगळे. अखेर २०१२ मध्ये प्रवेशाचा अर्ज एकच झाला आणि काढून टाकण्याची सुनावणीही एका ठिकाणी आली. म्हणजे मोडून काढलेली मध्यवर्ती यंत्रणा थोडी थोडी परत उभी करावी लागली. खरं तर हे शाळा वाटण्याआधीच ठरवायला हवं होतं.

२०१८ मध्ये शाळा पुन्हा शहराच्या निवडून आलेल्या शाळा मंडळाच्या अखत्यारीत आल्या. मंडळाचं काम मात्र सनदा देण्याचं आणि काढून घेण्याचं. २०१९ नंतर स्वतः चालवायला त्याच्याकडे एकही शाळा उरली नाही.

(दृश्य: शाळेचं फाटक. पालक, लहान मुलं.)

२०२४ मध्ये एका शाळेची सनद गेली. या वेळी इमारत दुसऱ्या संस्थेच्या हवाली न करता मंडळानं तिथं स्वतःची शाळा काढली. नाव दिलं लीआ चेस यांचं. नागरी हक्क चळवळीतल्या पुढाऱ्यांना आपल्या रेस्टॉरंटात गंबो, म्हणजे तिथलं दाट कालवण, खाऊ घालणाऱ्या या शहराच्या लाडक्या बल्लव. मुख्याध्यापकापासून बसपर्यंत सगळं आता मंडळानंच बघायचं.

राज्य या शाळेलाही ए ते एफ श्रेणी देणारच. उद्या एफ, म्हणजे नापास, आली, तर कुलूप लावायचं की आणखी वेळ द्यायचा, हे ठरवणारही मंडळच. आणि इतकी वर्षं बाकीच्यांच्या सनदा काढून घेणारंही तेच.