"इन्शुरन्स घेता का?"

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत डाएटिशियनने स्वतःचं क्लिनिक उघडलं की फोनवर पहिला प्रश्न फीचा येत नाही, डिग्रीचाही येत नाही. प्रश्न येतो तो, "तुम्ही इन्शुरन्स घेता का?" म्हणजे, फी माझ्या विमा कंपनीकडून घ्याल का? आपली मराठी माणसंही हेच विचारतात, फक्त त्याआधी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" एवढं विचारून घेतात. आज या प्रश्नाच्या उत्तराबद्दल बोलायचंय. पुण्या-मुंबईत होम सायन्स करून इकडे आलेल्या, इथली परीक्षा देऊन रजिस्टर्ड डाएटिशियन झालेल्या आणि आता घरातल्या एका खोलीतून किंवा झूमवर काम सुरू करू पाहणाऱ्या मैत्रिणींसाठी हे आहेच. पण डॉक्टरांनी "डाएटिशियनला भेटा" म्हणून ज्यांना सांगितलंय, त्यांनीही ऐका. पैसे शेवटी तुमच्या खिशातून, नाहीतर तुमच्याच प्रीमियममधून जाणार आहेत.

भारतात हा पेच फारसा पडत नाही. तिथल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी हॉस्पिटलात भरती होण्यासाठी असतात. आहारतज्ज्ञाकडे गेलात की जीपेवर पैसे टाकायचे, विषय संपला. इथे मात्र आपल्या कामाला कोड आहेत. 97802 म्हणजे पहिली भेट, 97803 म्हणजे पुढच्या भेटी, 97804 म्हणजे गटातलं मार्गदर्शन. पहिले दोन पंधरा-पंधरा मिनिटांच्या मापाने मोजतात. म्हणजे तासभर बोललात तर चार मापं. त्यासमोर आजाराचा कोड लिहायचा, फॉर्म भरायचा, कंपनीकडे पाठवायचा आणि वाट बघायची.

आता हिशेब मांडू. समजा, तुमची फी तासाला 150 डॉलर आहे आणि कंपनी त्याच तासाचे 110 देते. एकदा करार केला की वरचे 40 पेशंटकडून मागता येत नाहीत, ते सोडायचे. आणि तोटा तेवढ्यावर थांबत नाही. भेटीच्या आधी कंपनीला फोन करून या माणसाला काय-काय लागू आहे ते विचारायचं, त्यात अर्धा तास होल्डवरचं संगीत ऐकायचं. भेट कधी सुरू झाली, कधी संपली याची वेळ नोंदीत लिहायची, कारण काम मिनिटांवर मोजलं जातं आणि उद्या कंपनीने तपासणी काढली तर दिलेले पैसे परत मागू शकते. जन्मतारखेत एक आकडा चुकला तरी क्लेम परत येतो. हे सगळं धरलं तर ते 110 डॉलर एका तासाचे नसतात, दीड-पावणेदोन तासांचे असतात. शिवाय कंपनीच्या यादीत नाव लागायलाच तीन-चार महिने सहज जातात, आणि ज्या सामाईक प्रोफाइलवरून कंपन्या आपली माहिती उचलतात, ते सीएक्यूएचचं प्रोफाइल दर 120 दिवसांनी "होय, हे खरं आहे" म्हणून पुन्हा तपासून द्यावं लागतं. ते विसरलं की एखाद्या दिवशी क्लेम अडकतात आणि कारण शोधण्यात आठवडा जातो.

एवढं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, नकोच ती भानगड. तरीही मधुमेह, किडनी, कोलेस्टेरॉल अशा आजारांचं काम करायचं असेल तर इन्शुरन्स घ्या असंच मी सांगते. का, ते सांगते.

आपल्याकडचा माणूस पहिल्या भेटीत काय सांगतो? "मी काही फार खात नाही हो. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या-भाजी, रात्री वरणभात. बाहेरचं तर बंदच आहे." नोंदवहीत अगदी सात्त्विक चित्र उमटतं. दुसऱ्या भेटीत कळतं की चहा चार वेळा होतो आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असते. तिसऱ्या भेटीला संकष्टी येऊन गेलेली असते, मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे उपासाच्या दिवशी पिष्टमय पदार्थ रोजच्यापेक्षा जास्त. आणि चौथ्या भेटीत, बहुतेकदा जाता-जाता, बायको नाइट शिफ्टला असते, मग रात्री अकराला टीव्हीसमोर चिवड्याचा डबा उघडतो, हे बाहेर येतं. माझं खरं काम तिथून सुरू होतं. ज्याने पहिल्या भेटीला 150 डॉलर रोख मोजलेत, तो पुष्कळदा चौथ्या भेटीपर्यंत येतच नाही. "कागद मिळालाय ना, बघतो" म्हणतो. कोपे, म्हणजे विमा असूनही दर भेटीला पेशंटने भरायचा ठरावीक वाटा, 20 डॉलर असला, किंवा काहीच नसला, तर तो येतो. म्हणून तासाचा दर बघण्याआधी एक माणूस किती वेळा येईल ते बघा. त्याच्या साखरेलाही ते महत्त्वाचं आणि तुमच्या कॅलेंडरलाही.

याला अपवाद आहेत. मॅरेथॉनची तयारी करणारे, मुलांच्या खाण्याच्या कटकटींनी जेरीस आलेले आईवडील, पोटाच्या तक्रारींसाठी दहा दारं फिरून आलेले लोक: यांची स्वतःहून पैसे मोजायची तयारी असते आणि कंपन्या त्यांच्या बाबतीत खळखळ करतात. तुमचं सगळं काम याच लोकांचं असेल तर रोखीत राहा, मान ताठ ठेवून राहा. सुपरबिल द्या, म्हणजे कोड टाकलेली तपशीलवार पावती. ती पेशंटने स्वतः कंपनीकडे पाठवायची, प्लॅनमध्ये बाहेरच्या तज्ज्ञाची सोय असेल तर काही पैसे परत मिळतात. निदान झालेल्या आजारासाठी सल्ला असेल तर एचएसए, एफएसएचं, म्हणजे उपचारांसाठी करमुक्त बाजूला ठेवलेल्या पैशांचं, कार्डही चालू शकतं. फक्त 2022 पासून एक नियम आहे: रोखीने येणाऱ्याला अंदाजे खर्च आधी लेखी द्यावा लागतो. द्या. त्याने भांडणंही टळतात.

आता मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरच्यांचा सरकारी विमा. 2002 पासून त्यात आहारोपचार आहे, पण तीनच दारांतून: मधुमेह, डायलिसिसपर्यंत न पोचलेला किडनीचा आजार, आणि गेल्या 36 महिन्यांत झालेलं किडनी प्रत्यारोपण. डॉक्टरांची शिफारस हवी. पहिल्या वर्षी तीन तास, पुढे दरवर्षी दोन तास. पेशंटला एक पैसा पडत नाही, आणि डाएटिशियनला डॉक्टरांच्या दरपत्रकाच्या 85 टक्के मिळतात. तीन तासांत चाळीस वर्षांच्या सवयी बदलायच्या, ही अपेक्षा कुणाची ते देव जाणे.

प्रीडायबेटिसला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या साखरेला, यात जागा नाही, आणि माझा खरा राग इथे आहे. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनावर गाठतो, म्हणून तर अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी 25 ऐवजी 23 बीएमआयपासून (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) करायला सांगते. पण मेडिकेअरमधलं लठ्ठपणाचं मोफत समुपदेशन 30 बीएमआयला सुरू होतं. म्हणजे ए1सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) 6.2 आणि बीएमआय 25 असलेल्या काकू दोन्हीकडून बाहेर. आणखी थोड्या आजारी पडा, मग या! नोकरीतून मिळणाऱ्या खासगी विम्यात प्रीडायबेटिसला अनेकदा भेटी मिळतात. पण प्लॅनगणिक वेगळं, तेव्हा विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

मैत्रिणींनो, इथे एक खड्डा आहे. "मी मेडिकेअर घेत नाही" असं नुसतं म्हणून चालत नाही. मेडिकेअरवरच्या मधुमेही आजोबांकडून रोख फी घ्यायची असेल, तर तुम्ही रीतसर ऑप्ट-आउटचं, म्हणजे मेडिकेअरमधून बाहेर राहण्याचं, प्रतिज्ञापत्र दिलेलं असावं लागतं आणि आजोबांशी लेखी करार झालेला असावा लागतो. ऑप्ट-आउट दोन वर्षांचं असतं, मधेच मन बदललं तरी सहसा मागे फिरता येत नाही.

आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा? त्यांचा प्रवासी विमा अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असतो, जुन्या मधुमेहाच्या आहारसल्ल्याचे पैसे तो देत नाही असंच धरून चाला. अशांसाठी मी रोखीच्या थोड्या जागा राखून ठेवते, कमी फीच्या.

सुरुवात करणाऱ्यांनी सगळ्या कंपन्यांच्या दारात एकदम उभं राहू नये. आपल्या भागात मोठ्या नोकऱ्या कुणाकडे आहेत, त्यांच्या लोकांच्या पाकिटात कुठलं कार्ड आहे, ते बघून एक किंवा दोन निवडा. सही करण्याआधी दरपत्रक मागा, 97802 आणि 97803 समोरचे आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि बाहेर पडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, तेही वाचा. दर कमी वाटला तर वाढवून मागा. फार तर नाही म्हणतील. आता कागदपत्रं आणि क्लेम सगळं सांभाळणाऱ्या मधल्या कंपन्याही आहेत. त्या आपला वाटा कापून घेतात. फोन आणि फॉर्म यांचा ज्यांना मनापासून तिटकारा आहे, त्यांना तो सौदा महाग नाही.

पेशंट म्हणून ऐकणाऱ्यांसाठी शेवटचं. डाएटिशियन "नेटवर्कमध्ये आहे", म्हणजे तुमच्या कंपनीच्या यादीत आहे, याचा अर्थ फुकट नव्हे. डिडक्टिबल, म्हणजे कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम, भरून होईपर्यंत ठरलेल्या दराचे पूर्ण पैसे तुम्हालाच पडू शकतात, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये डिडक्टिबल जानेवारीत पुन्हा शून्यापासून सुरू होतं. तेव्हा भेट ठरवण्याआधी कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा. 97802 आणि 97803 चालतात का, माझ्या निदानाला चालतात का, वर्षाला किती भेटी, व्हिडिओवर चालेल का, डॉक्टरांची शिफारस लागते का, डिडक्टिबल लागू आहे का, हे विचारा. फोन ठेवण्याआधी बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या. नमस्कार.