बिलाल हे नाव कुणाकुणाचं

अमेरिकेतल्या जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत एक जुनं हस्तलिखित ठेवलंय, फक्त १३ पानांचं. लिपी अरबी, वळण पश्चिम आफ्रिकेतलं, आणि शाई कागदातून झिरपून मागच्या बाजूला उतरलीय त्यामुळे वाचायचं म्हणजे डोळ्यांना फार त्रास. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की ही कुणा गुलामाची डायरी असणार नाहीतर मळ्याचा हिशोब असणार. मग १९३९च्या सुमारास जोसेफ ग्रीनबर्ग हे भाषेचे अभ्यासक ते घेऊन नायजेरियात कानो शहरात गेले, तिथल्या मौलवींना दाखवलं, आणि कळलं की हे सुन्नी इस्लाममधल्या मालिकी पंथाच्या १०व्या शतकातल्या एका ग्रंथातले उतारे आहेत. वुजू म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं कसं करायचं, अजान कशी द्यायची वगैरे. आठवेल तसं लिहिलेलं, कुठे चुकलेलं, पण लिहिलेलं. आणि हे लिहिणारा माणूस अमेरिकेत गुलाम होता, त्याचं नाव बिलाली.

हा मूळचा आजच्या गिनी देशातल्या फुता जालोन भागातल्या टिंबो गावचा. पकडला गेला, आधी बहामा बेटांवर विकला गेला आणि १८०२च्या आसपास जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या सापेलो बेटावर थॉमस स्पाल्डिंगच्या मळ्यावर आला. डोक्याला फेज टोपी, मेंढीच्या कातड्यावर नमाज, रमजानचे रोजे, आणि हे सगळं कुठे तर जिथे गुलामाला स्वतःचं नाव सुद्धा ठेवू देत नसत तिथे. त्याच्या मुलींची नावं ऐका, फातिमा, मदीना, बेंतू, मार्गारेट. १८१२च्या इंग्रजांबरोबरच्या युद्धात बेट वाचवायला स्पाल्डिंगने या बिलालीच्या हाताखालच्या गुलामांना बंदुका दिल्या, आता विचार करा मालकाने गुलामांच्या हातात बंदुका द्यायच्या म्हणजे त्या माणसाचा शब्द काय वजनाचा असेल!

आणि गंमत बघा, तिथून जवळच सेंट सायमन्स नावाचं बेट आहे, तिथल्या एका मळ्यावर त्याच काळात दुसरा एक बिलाली होता. सालिह बिलाली. हा आजच्या मालीतल्या मासिना भागातला, पोरवयात पकडलेला. दोघांचा मुलूख वेगळा, नाव तेच.

सापेलोवरच्या बिलालीची पणती केटी ब्राऊन, तिच्याशी १९३०च्या दशकात सरकारी लेखन योजनेतले लोक बोलले तेव्हा ती म्हातारी झाली होती. तिने सांगितलं की तिची आजी मार्गारेट वर्षातून एकदा तांदूळ रात्रभर भिजवून उखळात कुटायची, मध नाहीतर साखर घालून हाताने चपट्या वड्या करायची आणि पोरांना वाटायची, त्याला 'सराका' म्हणायचे. सदका, म्हणजे दान, ओळखला ना? तिला शब्द कुठून आला ते माहीत असो नसो, वडी मात्र चुकली नाही. बेटावर आज बेली आडनावाची घरं आहेत आणि ते आडनाव बिलालीवरूनच आलं असं तिथले लोक मानतात. कॉर्नेलिया वॉकर बेली या त्याच्याच वंशातल्या, हॉग हॅमॉक ही बेटावरची शेवटची वस्ती टिकावी म्हणून आयुष्यभर लढल्या, २०१७ मध्ये गेल्या. २०२३ मध्ये तिथल्या काउंटीने मोठी घरं बांधायला परवानगी दिली, म्हणजे बाहेरचे पैसेवाले येणार, जमिनीचा टॅक्स वाढणार आणि ज्यांच्या पणजोबांनी ती जमीन कसली त्यांना ती परवडणार नाही. त्यावरून पुढे मोठा झगडा झाला.

आता हे नाव मुळात कुणाचं, तर हजरत बिलाल यांचं, बिलाल इब्न रबाह. मक्केत जन्म, आई हमामा हबशी म्हणजे अ‍ॅबिसिनियाची, आजच्या इथिओपियाकडची. उमय्या नावाच्या कुरैशी सरदाराचे ते गुलाम. नवीन धर्म धरला म्हणून उमय्या त्यांना भर दुपारी तापलेल्या वाळूत उताणं झोपवायचा, छातीवर धोंडा ठेवायचा आणि म्हणायचा सोड तो धर्म, आणि त्यांच्या तोंडून एकच यायचं, अहद, अहद. देव एकच. शेवटी अबू बक्र यांनी त्यांना विकत घेऊन मोकळं केलं. पुढे मदिनेत पहिली अजान द्यायचा मान त्यांना मिळाला, आणि ६३० मध्ये मक्का हातात आली तेव्हा काबाच्या छतावर चढून अजान दिली तीही त्यांनीच. ज्या गावात त्यांना वाळूत लोळवलं त्याच गावात, सगळ्या सरदारांच्या डोळ्यांदेखत, सगळ्यात उंच जागी उभे राहून. मला या अख्ख्या गोष्टीत हा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो.

एक लोककथा अशीही आहे की त्यांना 'श' नीट म्हणता यायचा नाही, 'स' म्हणायचे, लोकांनी तक्रार केली तर उत्तर मिळालं की बिलालचा 'स' देवाकडे 'श'च आहे. हदीसचे म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे जाणकार सांगतात की याला आधार नाही. पण लोकांनी ती कथा शेकडो वर्षं सांभाळली, कारण परक्या जिभेने बोलणाऱ्याला हसणारे सगळीकडे असतात, आपल्याकडे नाही का शेंगाला सेंगा म्हणणाऱ्याला हसत.

पैगंबर ६३२ मध्ये गेले त्यानंतर बिलाल यांनी अजान देणं जवळजवळ सोडलंच असं सांगतात. ६४०च्या आसपास ते वारले, दमास्कसच्या बाब अल-सगीर कब्रस्तानात त्यांची कबर दाखवतात.

आता जरा आपल्या दख्खनकडे या, कारण आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं आपल्या इतिहासात भरपूर आहेत आणि त्यांच्या नावांकडे आपण कधी नीट बघितलेलंच नाही. पन्हाळ्याला १६६० मध्ये वेढा घालणारा सिद्दी जौहर सगळ्यांना पाठ आहे. जौहर म्हणजे रत्न. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान, याकूत म्हणजे माणिक. मलिक अंबर, ज्याने १६१०च्या सुमारास खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, त्याचं लहानपणीचं नाव चापू होतं आणि अंबर हे नाव ठेवलं बगदादकडच्या मालकाने, ते एका सुगंधी मौल्यवान वस्तूचं नाव. काफूर, मर्जान, सगळी तसलीच, कापूर आणि पोवळं. बाजारात जे महाग विकलं जातं त्याचं नाव माणसाला. नाशिकला शरणपूरला १९व्या शतकात इंग्रजांनी जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं आणून ठेवली, त्यांनाही नवीनच नावं मिळाली. आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टनचा मृतदेह लंडनपर्यंत ज्याने सोबत नेला तो जेकब वेनराइट इथेच शिकलेला. भला मुलगा, पण जेकब हे नाव त्याच्या आईने ठेवलेलं नव्हतं.

आणि मग बिलाल. हे नाव या लोकांनी स्वतःहून धरलं, मला एवढंच सांगायचंय या व्हिडिओत. ज्यांच्या वंशावळीचं पान फाडून टाकलं होतं, बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, त्यांनी मक्केतल्या एका सुटलेल्या गुलामाला आपला पूर्वज मानलं.

गुजरातमध्ये भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूर आहे, तिथे टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा. अकीक दगडाचे मणी करणाऱ्यांचे हे पीर आणि सिद्दी लोकांचे सगळ्यात मोठे. उरुसाला धमाल चालते, मोठे ढोल, नारळाच्या कवटीचे खुळखुळे, एका तारेचा धनुष्यासारखा मलुंगा, आणि तिथले सिद्दी आपलं नातं हजरत बिलालशी सांगतात. कराचीत मंघोपीरच्या दर्ग्यावर मगरींना हार घालून जत्रा भरवणारे शीदी, तेही बिलालचंच नाव घेतात. दोन देश झाले, व्हिसा मिळत नाही, पण पूर्वज एकच.

मोरोक्कोत ग्नावा म्हणून समाज आहे, सहारा ओलांडून गुलाम म्हणून किंवा शिपाई म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज. रात्र रात्र चालणारी त्यांची लीला, तीन तारांचं गिंब्री, हातात लोखंडाच्या मोठ्या टाळांसारखे करकेब, आणि आवाहन सीदी बिलाल यांना. एस्सावीरा शहरात त्यांच्या नावाची झाविया म्हणजे मठच आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने ग्नावांच्या संगीताला आपल्या वारसा यादीत घेतलं. शेजारी अल्जीरियात तसल्याच रात्रीला सीदी बिलालचा दीवान म्हणतात.

पण मालीची गोष्ट मला सगळ्यात आवडते कारण तिथे उलटं झालंय. माली साम्राज्य उभं करणारं केईटा घराणं, १३व्या शतकातला सुंदियाटा, १३२४ मध्ये सोनं उधळत हजला गेलेला मन्सा मूसा, सगळे त्या घराण्यातले, आणि त्यांचे भाट वंशावळ गातात ती सुरू होते बिलाली बुनामा पासून, म्हणजे मक्केच्या बिलालपासून. इतिहासकार याला खरी वंशावळ मानत नाहीत ते ठीकच आहे. पण राजा जेव्हा पूर्वज निवडतो तेव्हा सूर्य निवडतो, चंद्र निवडतो, कुठलातरी मोठा सेनापती निवडतो. यांनी अजान देणारा सुटलेला गुलाम निवडला.

मलेशिया इंडोनेशियात तर बिलाल हे पदच झालं. मशिदीत अजान देतो तो बिलाल, त्याचं स्वतःचं नाव काहीही असो. आपल्याकडे बांगी म्हणतात तसं.

सगळीकडे हे नाव मिरवलं जातं असं मात्र नाही हं. मॉरिटानियात हरातीन म्हणजे गुलामांचे वंशज, त्यांच्यात बिलाल, मसूद, मबारक ही नावं इतकी ठरलेली की नाव ऐकून समोरचा तुमची पायरी ओळखतो. त्या देशाने गुलामी कायद्याने बंद केली १९८१ मध्ये, तो गुन्हा ठरवला २००७ मध्ये. म्हणजे काल परवा. जे नाव एकीकडे अभिमान तेच तिथे अंगावरचा शिक्का, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

अमेरिकेत परत येऊ. १९७५ मध्ये नेशन ऑफ इस्लाम या काळ्या मुसलमानांच्या संघटनेचे प्रमुख एलायजा मुहम्मद वारले, मुलगा वॉलेस, पुढे वारिथ दीन मोहम्मद, गादीवर आला आणि त्याने संघटनेची दिशाच बदलली. गोरे म्हणजे सैतान वगैरे शिकवण बंद, नेहमीच्या सुन्नी इस्लामकडे वळण. तेव्हा त्याने एक वेगळीच गोष्ट सुचवली, की आपण स्वतःला निग्रो नको, ब्लॅक पण नको, 'बिलालियन' म्हणूया. पेपरचं नाव बदलून बिलालियन न्यूज केलं, काही वर्षं तो तसाच निघत होता. तो शब्द टिकला नाही, १९८०च्या दशकात पेपरचं नाव पुन्हा बदललं. पण घराघरात पोरांची नावं बिलाल पडायला लागली ती पडतच राहिली. फिलाडेल्फियाचा गायक बिलाल, जन्म १९७९, त्याच पिढीतला.

पूर्व आफ्रिकेत १९६०च्या दशकात खोजा लोकांनी, म्हणजे ज्यांचे आजे पणजे कच्छ काठियावाडातून गलबतात बसून गेले त्यांनी, बिलाल मुस्लिम मिशन काढलं. झांझिबारचे मोहम्मद गरीब बिलाल २०१० ते २०१५ टांझानियाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. जर्मनीत आखेनला बिलाल मशीद आहे, आपल्या मुंबईत दोनटाकीला आहे. फ्रान्सचा फुटबॉलपटू फ्रँक रिबेरी, त्याने इस्लाम स्वीकारल्यावर घेतलेलं नाव बिलाल, आणि तो गोरा आहे, त्याच्या घराण्याचा गुलामीशी काही संबंध नाही, तरी नाव हेच आवडलं.

२२ जून २०२३ला ब्रुकलिनमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नवीन खेळाडू निवडायचा कार्यक्रम, होता. सातव्या नंबरवर नाव पुकारलं गेलं बिलाल कुलिबाली, वय १८, फ्रान्समध्ये वाढलेला, आडनाव मालीकडचं. ट्रेड होऊन तो वॉशिंग्टन विझर्ड्सकडे गेला आणि त्याच सीझनपासून खेळायला लागला.