लाडबोरीचे कडे आणि अंतराळाचा कायदा

[दृश्य: संध्याकाळचे आकाश. मोबाइलवर टिपलेली, संथपणे सरकणारी प्रकाशरेषा.]

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत, तसेच मध्य प्रदेश आणि गुजरातच्या काही भागांत, आकाशातून जळत सरकणाऱ्या ठिपक्यांची एक माळ लोकांनी पाहिली आणि अनेकांनी ती मोबाइलवर टिपली. उल्का बहुधा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझून जाते. ही माळ मात्र जवळजवळ आडवी आणि बराच वेळ सरकत राहिली, आणि त्या संथपणामुळेच जाणकारांना शंका आली. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून उतरणारी वस्तू सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, तर उल्केचा वेग किमान ११ किलोमीटर आणि बहुतेक वेळा त्याहून पुष्कळ अधिक असतो. जे जळत होते ते माणसाने बनवलेले होते.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातून बातमी आली की, लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे येऊन पडले आहे. त्याचा व्यास सुमारे ३ मीटर होता. पाठोपाठ पवनपारच्या परिसरात धातूचा एक गोळा मिळाला आणि पुढच्या काही दिवसांत आणखी गोळे सापडत गेले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. पोलिसांनी या वस्तू ताब्यात घेतल्या आणि आठवडाभरात इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीसाठी सिंदेवाहीत दाखल झाले.

दरम्यान तर्कवितर्क सुरू झाले होते. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडमधून इलेक्ट्रॉन रॉकेटचे उड्डाण झाले होते, त्यामुळे काहींनी बोट तिकडे दाखवले. कक्षेतील वस्तूंच्या नोंदी ठेवणारे अभ्यासक जोनाथन मॅकडॉवेल यांचा अंदाज वेगळा होता आणि तोच पुढे सर्वाधिक ग्राह्य मानला गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३ बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षभराहून अधिक काळ कक्षेत फिरत होता आणि त्याच सुमारास तो खाली येणे अपेक्षित होते. गोळे आणि कडीच का उरतात, याचेही उत्तर साधे आहे. रॉकेटच्या पोटात दाबाखालचा वायू साठवणाऱ्या गोल टाक्या असतात. त्या बहुधा टायटॅनियमसारख्या, १६०० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाला वितळणाऱ्या धातूच्या किंवा कार्बनच्या धाग्यांनी वेढलेल्या असतात. पातळ पत्रा जळून जातो, टाकी उरते. जगभर जिथे जिथे रॉकेटचे अवशेष पडले, तिथे असेच गोळे सापडले आहेत.

[दृश्य: जमिनीवर पडलेले कडे; भोवती उभे असलेले गावकरी.]

हे कडे कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराच्या आठव्या कलमात आहे. अंतराळात पाठवलेल्या वस्तूवरची मालकी ती अंतराळात असताना बदलत नाही आणि ती पृथ्वीवर परत आल्यानेही बदलत नाही. समुद्रात टाकून दिलेल्या मालाप्रमाणे ‘सापडेल त्याचे’ असा न्याय येथे लागू होत नाही. ज्या गावकऱ्याच्या शेतात गोळा पडला, त्याने तो घरात नेऊन ठेवला तरी कायद्याने तो त्याचा होत नाही. १९६८ च्या दुसऱ्या एका करारानुसार ज्या देशात अशी वस्तू सापडते, त्या देशाने तिची माहिती प्रक्षेपण करणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना द्यायची असते. प्रक्षेपण करणाऱ्या देशाने मागणी केली, तर वस्तू परत करायची असते आणि तो खर्चही प्रक्षेपण करणाऱ्या देशानेच सोसायचा असतो.

येथपर्यंत सारे नेटके आहे. अडचण आहे ती ‘मागणी केली तर’ या तीन शब्दांत. आपले जळके कडे परत मागणे म्हणजे ते आपलेच होते अशी कबुली देणे, आणि एकदा कबुली दिली की पुढचा प्रश्न नुकसानभरपाईचा येतो. म्हणून असे अवशेष परत मागायला फारसे कोणी पुढे येत नाही.

भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार १९७२ चा आहे आणि कागदावर तो विलक्षण उदार आहे. अंतराळातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झाले, तर प्रक्षेपण करणाऱ्या देशाची जबाबदारी निरपवाद मानली जाते. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, चूक कोणाची होती हे दाखवावे लागत नाही. वस्तू तुमची आणि नुकसान आमचे, एवढे दोन मुद्दे पुरेसे आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्यात देशांनी स्वतःवर इतकी कडक जबाबदारी आपखुशीने घेतल्याची उदाहरणे थोडी आहेत. मात्र दोन उपग्रह अंतराळातच आदळले, तर हा उदारपणा संपतो आणि चूक सिद्ध करावी लागते. १० फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेचा इरिडियम आणि रशियाचा निकामी कॉसमॉस हे उपग्रह सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर आदळले, हजारो तुकडे कक्षेत पसरले आणि या करारानुसार दावा मात्र कोणीही केला नाही.

[दृश्य: कॅनडाचा नकाशा. ग्रेट स्लेव्ह सरोवरापासून बेकर सरोवरापर्यंत सरकणारी रेषा.]

जमिनीवरच्या नुकसानीसाठी या करारातला सर्वांत गाजलेला दावा समजून घ्यायचा, तर कॅनडाच्या उत्तरेकडे जावे लागते.

कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत संघाचा टेहळणी उपग्रह सप्टेंबर १९७७ मध्ये सोडला गेला. समुद्रावरील जहाजांचा माग काढणाऱ्या त्याच्या रडारला भरपूर वीज लागत असे आणि ती पुरवण्यासाठी त्यात युरेनियमवर चालणारी छोटी अणुभट्टी बसवलेली होती. मोहीम संपली की भट्टीचा भाग उंच कक्षेत ढकलून द्यायचा, अशी योजना होती. ती फसली. २४ जानेवारी १९७८ रोजी उपग्रह अणुभट्टीसह कॅनडाच्या वायव्य प्रांतावर कोसळला आणि त्याचे किरणोत्सारी तुकडे सुमारे ६०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखुरले. कडाक्याच्या थंडीत, गोठलेल्या तलावांवर कॅनडा आणि अमेरिकेच्या पथकांनी ‘ऑपरेशन मॉर्निंग लाइट’ नावाची शोधमोहीम चालवली. ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत सुरू राहिली. सापडलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ सर्व किरणोत्सारी होते आणि काही तुकड्यांचा किरणोत्सार प्राणघातक ठरू शकेल इतका होता. इंधनाचा फार मोठा भाग मात्र कधीच हाती लागला नाही.

कॅनडाने दावा दाखल केला तो २३ जानेवारी १९७९ रोजी. हा दिवस योगायोगाने आलेला नाही. करारानुसार नुकसान झाल्यापासून, किंवा जबाबदार देश कोणता हे कळल्यापासून, एका वर्षाच्या आत दावा करावा लागतो, आणि ती मुदत संपत आली होती. दाव्याची रक्कम होती ६० लाख ४१ हजार १७४ कॅनडियन डॉलर आणि ७० सेंट. सत्तर सेंटसुद्धा न सोडणाऱ्या या हिशेबाकडे पाहून कोणाला हसू येईल, पण मोहिमेचा एकूण खर्च याच्या दुपटीहून अधिक होता. आपल्या सैनिकांचे नेहमीचे पगार आणि असलेल्या विमानांचा खर्च वगळून, केवळ या घटनेमुळे वाढलेलाच खर्च कॅनडाने मागितला होता.

वादाचा खरा मुद्दा वेगळाच होता. करारात ‘नुकसान’ म्हणजे जीवितहानी, इजा, आरोग्याची हानी आणि मालमत्तेची हानी. कॅनडात कोणी मेले नव्हते, कोणाचे घर पडले नव्हते. मग शोधमोहिमेचा खर्च हे नुकसान कसे? कॅनडाचे म्हणणे असे की, जमिनीवर किरणोत्सारी तुकडे पडून ती वापरण्यास अयोग्य झाली, हीच मालमत्तेची हानी होय. सोव्हिएत संघाने ही व्याख्या कधी स्वीकारली नाही. अखेर एप्रिल १९८१ मध्ये मॉस्कोत तडजोड झाली आणि ३० लाख कॅनडियन डॉलरवर प्रकरण मिटले. मिटवण्याच्या मसुद्यात ना जबाबदारीची कबुली होती, ना १९७२ च्या कराराचा उल्लेख. पैसे मिळाले, पण पुढच्यांना आधाराला घेता येईल असा निवाडा काही मिळाला नाही.

अमेरिकेचे उदाहरण याहून हलकेफुलके आहे. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचे ७७ टनांचे अंतराळ स्थानक कोसळणार या बातमीने भारतातही घबराट पसरली होती आणि त्या दिवसांत शाळेत असलेल्यांना ती आजही आठवत असेल. प्रत्यक्षात अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या आसपास पडले. तिथल्या स्थानिक प्रशासनाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला. तो गमतीचाच भाग होता. नासाने तो भरला नाही; २००९ मध्ये एका अमेरिकी रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे गोळा करून तो भरला. भारत १९७२ च्या करारात सामील झाला तो याच वर्षी, १९७९ मध्ये.

[दृश्य: छताला पडलेले भोक. तळहातावर मावेल एवढा धातूचा तुकडा.]

मार्च २०२४ मध्ये फ्लोरिडातील नेपल्स येथील एका घराच्या छतातून आणि दोन मजल्यांतून धातूचा एक तुकडा आरपार गेला. वजन सुमारे ७०० ग्रॅम. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून २०२१ मध्ये सोडून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या साठ्याचा तो भाग असल्याचे नासाने तपासणीनंतर मान्य केले. वातावरणात पूर्ण जळून जाईल अशी अपेक्षा असलेला हा तुकडा जळला नव्हता. हा तुकडा शेजारच्या एखाद्या देशात पडला असता, तर १९७२ चा करार लगेच लागू झाला असता. अमेरिकी नागरिकाला मात्र तो लागू होत नाही, कारण प्रक्षेपण करणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना या करारातून वगळले आहे. त्या कुटुंबाला देशांतर्गत कायद्यानुसार नासाकडे दावा करावा लागला.

आता बाजू पालटून पाहू. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर एक मोठा, शिंपल्यांनी वेढलेला दंडगोल वाहून आला. महिनाअखेरीस ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने जाहीर केले की, तो बहुधा भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग आहे. येथे लाडबोरीच्या जागी ग्रीन हेड होते आणि प्रक्षेपण करणारा देश आपण होतो. दोन्ही देशांच्या अंतराळ संस्थांनी हे प्रकरण संयमाने हाताळले, हे नोंदवले पाहिजे.

भारताची जबाबदारी आपल्या रॉकेटच्या तुकड्यांपुरती नाही. जो देश प्रक्षेपण करतो, जो ते करवून घेतो आणि ज्याच्या भूमीवरून ते होते, ते सगळेच करारानुसार प्रक्षेपण करणारे देश ठरतात आणि ते संयुक्तपणे जबाबदार असतात. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून एकाच उड्डाणात १०४ उपग्रह गेले, तेव्हा देशभर आनंद व्यक्त झाला आणि तो रास्तच होता. त्यांपैकी १०१ परदेशी होते, आणि त्या प्रत्येकासाठी भारत हा प्रक्षेपण करणारा देश आहे. ही गोष्ट त्या दिवशीच्या बातम्यांत क्वचितच कोणी सांगितली असेल.

शिवाय आता रॉकेट सरकारच सोडते असे राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूट या हैदराबादच्या कंपनीचे विक्रम-एस आणि मे २०२४ मध्ये चेन्नईच्या अग्निकुलचे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले. १९६७ च्या कराराचे सहावे कलम सांगते की, खासगी कंपनीच्या अंतराळातील कामालाही तिचा देशच जबाबदार. भरपाई दिल्ली देणार. ती कंपनीकडून किती आणि कशी वसूल करायची, हे देशाने आपल्या कायद्यात ठरवायचे. अमेरिकेत परवानाधारक कंपनीला इतरांच्या नुकसानीसाठी ५० कोटी डॉलरच्या मर्यादेपर्यंत विमा घ्यावा लागतो आणि त्यापुढचा भार ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार उचलते. आपल्याकडे खासगी अंतराळ उपक्रमांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था आहे, २०२३ चे अंतराळ धोरण आहे, २०१७ मध्ये हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केलेला विधेयकाचा मसुदा आहे. संसदेने संमत केलेला सर्वंकष कायदा मात्र अजून नाही.

[दृश्य: सिंदेवाही परिसरातील जंगल आणि भातशेती.]

आंतरराष्ट्रीय दावा फक्त सरकार करू शकते. नागरिक थेट परदेशातल्या न्यायालयात जाऊ शकतो, करार त्याला अडवत नाही. पण लाडबोरीच्या शेतकऱ्याने बीजिंगमध्ये वकील कोणत्या पैशाने द्यायचा? त्याच्यासाठी खरा मार्ग तहसीलदार, जिल्हाधिकारी, मुंबई, दिल्ली आणि परराष्ट्र मंत्रालय असाच जातो, तोही एका वर्षाच्या मुदतीत.

सिंदेवाही तालुक्याला याहून बरी पद्धत परिचयाची आहे. हा वाघांचा मुलूख आहे. वाघाने गाय मारली, तर वन विभागाचे कर्मचारी येऊन पंचनामा करतात आणि सरकारने ठरवलेल्या दराने भरपाई देतात. वाघ कोणत्या जंगलातला, हे मालकाला सिद्ध करावे लागत नाही. अंतराळातून पडलेल्या वस्तूंसाठी भारतीय कायद्यात अशीच तरतूद असायला हवी, असे आम्हाला वाटते. भरपाई आधी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मिळावी. वस्तू कोणत्या देशाची हे शोधणे, तिची माहिती संयुक्त राष्ट्रांना देणे आणि मुदतीच्या आत दावा करून रक्कम वसूल करणे, हे काम मग केंद्र सरकारने करावे. त्या कामाला लागणारे कक्षांच्या नोंदींचे ज्ञान इस्रोकडे आहे आणि १९७२ च्या करारावर भारताची मोहोर उमटलेली आहे. गावाच्या बाजूने लागते ती एवढीच गोष्ट की, सापडलेला तुकडा कोणी हाताळू नये, पहिल्याच दिवशी त्याची नोंद व्हावी आणि भंगारात जाण्याआधी त्याचा पंचनामा व्हावा.